खान १९९२ साली कुठे होता?

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेतला सगळ्यात गाजलेला खलनायक आपल्या देशातला आहे. नाव खान नूनियन सिंग. १९६७ च्या फेब्रुवारीत दाखवलेल्या एका भागात तो पहिल्यांदा आला. नावात खानही आणि सिंगही, गोष्टीतली माणसं म्हणतात हा उत्तर भारतातला शीख असावा, आणि काम केलं मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मॉन्टलबान यांनी. हा मेळ कसा बसला ते विचारू नका. जनुकं सुधारून घडवलेला हा महामानव १९९२ ते १९९६ या काळात आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत राज्य करत होता, पृथ्वीचा पावहून जास्त हिस्सा त्याच्या ताब्यात होता, असं त्या भागात ठासून सांगितलंय.

त्या चार वर्षांत मी ढाणकीतच होते, हायस्कूलला विज्ञान शिकवत होते. पैनगंगेच्या अलीकडे किंवा पलीकडे कोणी खान राज्य करायला आल्याचं मला आठवत नाही. कापसाच्या जोडीला सोयाबीन मात्र त्याच सुमारास शिरलं.

१९६७ साली लिहिणाऱ्याला १९९२ फार लांब वाटलं असणार. मालिका तोवर टिकेल, हे कोणाच्या गावी होतं? पण ती टिकली, आणि १९९६ च्या नोव्हेंबरात तिच्याच ‘व्हॉयेजर’ या शाखेतली माणसं काळात मागे जाऊन थेट १९९६ च्या लॉस एंजेलिसमध्ये उतरली. तिथे सगळं आलबेल! खानच्या राज्याची किंवा त्यातल्या महायुद्धाची खूणही नाही. चाहते खवळले. मग ग्रेग कॉक्स या लेखकाने २००१-०२ मध्ये दोन कादंबऱ्या लिहून सांगितलं की युद्ध झालं, पण गुपचूप झालं. २०२३ मध्ये ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ने निराळाच खुलासा केला: भविष्यातून येणाऱ्यांनी काळात ढवळाढवळ केली, म्हणून खानची तारीखच पुढे सरकली. त्या भागात बालखान चक्क कॅनडात, टोरांटोला सापडतो. म्हणजे तोही तिकडेच गेला.

विज्ञानाची चूक वेगळी आणि ही वेगळी. अंतराळात हवा नसताना स्फोटाचा धडाम आवाज आला तर ती विज्ञानाची चूक. तिच्यावर मी वर्गात बोलत असे. मालिकेने काल स्वतः सांगितलेलं आज स्वतःच मोडलं, तर ती कंटिन्युइटीची. चित्रीकरण गोष्टीच्या क्रमाने होत नाही, एका सेटवरचे सगळे प्रसंग एकदम उरकून घेतात. म्हणून कप कोणत्या हातात होता, भांग कुठल्या बाजूला होता, हे टिपून ठेवायला सेटवर वेगळा माणूस असतो. पण तो कप सांभाळतो; आधीच्या लेखकाने कधीकाळी काय लिहून ठेवलंय, ते सांभाळणं त्याच्या हातात नसतं. ‘स्टार ट्रेक’च्या सुरुवातीच्या एका भागात नायकाच्या, म्हणजे कॅप्टन कर्कच्या नावाचं थडगं दिसतं, त्यावर ‘जेम्स आर. कर्क’ असं कोरलंय. पुढे तो कायमचा ‘जेम्स टी.’

याहून मजेदार भानगड ‘स्टार ट्रेक’च्या १९८२ च्या चित्रपटातली. खान तिथे कर्कच्या अंतराळजहाजावर काम केलेल्या चेकॉव्हला बघताक्षणी ओळखतो. पण चेकॉव्ह मालिकेत आला तो खानचा भाग होऊन गेल्यावर, दुसऱ्या वर्षी. चाहत्यांनी तोड काढली, की तो जहाजावर आधीपासून होता, फक्त कॅमेऱ्यासमोर नव्हता. चेकॉव्हचं काम करणाऱ्या वॉल्टर कोनिग यांची तोड जास्त झकास आहे: चेकॉव्ह संडासात बसून राहिला, खानला बाहेर ताटकळावं लागलं, म्हणून ते तोंड त्याच्या लक्षात राहिलं.

ढाणकीत अशा चुका पकडायचा नि त्यांना कारणं शोधायचा नाद १९९७ साली ‘शक्तिमान’ या टीव्ही मालिकेबरोबर आला, असं मी धरते. पुढे ती रविवारी दुपारी बाराला लागायची. लाईट गेली की पोरं ट्रॅक्टरची बॅटरी ओढून आणायची आणि सोमवारी माझ्या तासाला धडा सुरू व्हायच्या आधी खटला उभा राहायचा. सातवीतला एक पोरगा तर दोनशेपानी वहीच ठेवायचा. डाव्या पानावर ‘चूक’, उजव्या पानावर ‘कारण’. एका ठिकाणी डावीकडे लिहिलं होतं, ‘गीता बदलली’. उजवीकडे, ‘आजारी होती, चेहरा उतरला’. गीताच्या भूमिकेत किटू गिडवानी जाऊन वैष्णवी महंत आल्या होत्या, त्याचा हा खुलासा. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, “काहून बे, आजारपणात नाकही बदलते काय?”

नेमकं हेच कोडं ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेपुढे १९६६ मध्ये आलं होतं. मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना. मालिकावाल्यांनी नट बदलला, आणि नायकाची जातच अशी ठरवून टाकली की मरणाला टेकला की त्याचं अख्खं शरीर नवं होतं. पुढे १९७६ मध्ये एका भागात सांगून बसले, की हे बारा वेळाच होईल. २०१३ पर्यंत तो आकडा संपला आणि नाताळच्या भागात नायकाला नवा कोटा मंजूर करावा लागला, रेशनवर साखर वाढवून द्यावी तसा.

आपल्याकडे न जुळणारं जुळवायचा हा उद्योग फार जुना आहे. कोपरगावचे नीलकंठ चतुर्धर सतराव्या शतकात काशीला राहून महाभारतावर ‘भारतभावदीप’ ही टीका लिहीत होते. त्यांनी ठिकठिकाणच्या पोथ्या गोळा केल्या आणि न जुळणारं अर्थ लावून जुळवलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून उलटा रस्ता धरला: १२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली आणि मागाहून घुसलेलं बाजूला काढलं. व्यासांनी सांगितलं नि गणपतीने लिहून घेतलं, ही आपली लाडकी गोष्टसुद्धा मूळ संहितेबाहेर गेली. ते काम पुरं झाल्याची घोषणा राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी २२ सप्टेंबर १९६६ ला केली. ‘स्टार ट्रेक’चा पहिला भाग त्याच्या दोनच आठवडे आधी, ८ सप्टेंबरला लागला होता.

चाहत्यांतही हेच दोन पक्ष आहेत, सांधणारे आणि छाटणारे. सांधणाऱ्याला प्रत्येक भोकाला ठिगळ हवं. छाटणारा म्हणतो, पडद्यावर दिसलं तेवढं खरं, कादंबऱ्या गेल्या उडत. तो वहीवाला आता हळदीची आडत चालवतो, आणि अजून सांधणाराच आहे. खानचा २०२३ चा खुलासा त्याला पटतो. पुसदला कॉलेजात असलेली त्याची लेक मोबाइलवर हे सगळं बघते आणि म्हणते, “पप्पा, ही पळवाट आहे. काळच सरकतो म्हटलं की मग कोणतीच चूक चूक राहत नाही.” मला पोरीचं पटतं.

‘स्टार ट्रेक’मधल्या क्लिंगॉनांवरून तर बापलेकीचं कडाक्याचं वाजतं. साठच्या दशकात या परग्रहवासीयांचं कपाळ आपल्यासारखं सपाट होतं. मेकअपला पैसे नव्हते. १९७९ च्या चित्रपटात पैसे आले आणि कपाळावर हाडांच्या वळकट्या उठल्या. १९९६ च्या एका भागात वॉर्फ नावाचा वळकट्यांचा क्लिंगॉन जुन्या काळात जातो. सोबतचे त्याला विचारतात, ही सपाट माणसं तुझ्याच जातीची का? तो अवघडून म्हणतो, आम्ही हे बाहेरच्यांशी बोलत नाही. माझ्या मते तिथेच थांबायला हवं होतं. पण २००५ मध्ये त्यांनी दोन भाग खर्ची घालून जनुकांचा, विषाणूचा खुलासा केला. खुलासा चोख आहे, माजी विद्यार्थ्याला शंभरपैकी शंभर. त्याने तो मला आडतीत काट्याजवळ उभं राहून पहिल्यापासून समजावला, आणि मागे एक शेतकरी हळदीचा भाव विचारत राहिला.