कादंबरीकाराची टिपणवही आणि ठाण्याची नोंदवही

महाश्वेता देवींच्या जन्माला १४ जानेवारी २०२६ रोजी शंभर वर्षे पूर्ण झाली. या निमित्ताने त्यांच्या कादंबऱ्यांवर पुष्कळ बोलले जाईल आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यांच्या कामाच्या एका वेगळ्या अंगाविषयी लिहायचे आहे. त्या माहिती कशी गोळा करीत आणि पुस्तक छापून झाल्यावर त्या माहितीचे पुढे काय करीत? मी इतिहासाचा विद्यार्थी होतो आणि नंतरचे सारे आयुष्य सरकारी कागदांच्या सहवासात गेले. त्यामुळे हा प्रश्न मला निव्वळ साहित्याचा वाटत नाही. माणसांची नोंद कोण करतो, यावर त्यांच्या वाट्याला येणारा न्याय बराचसा अवलंबून असतो.

आरंभ झाशीपासून करावा लागेल. पन्नासच्या दशकाच्या पूर्वार्धात या तरुण लेखिकेने ग्रंथांच्या आधारे राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र लिहायला घेतले. बरीच पाने लिहून झाल्यावर त्यांना ती निर्जीव वाटली. त्यांनी ती बाजूला सारली आणि उसनवारीने पैसे उभे करून त्या बुंदेलखंडात गेल्या. घरी लहान मुलगा होता, मिळकतीची खात्री नव्हती. झाशी, ग्वाल्हेर व आसपासच्या भागात हिंडून त्यांनी लोकगीते, दंतकथा आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी टिपल्या. राणी मेलीच नाही, असे मानणारी माणसे त्यांना भेटली. राणीच्या माहेरच्या तांबे कुटुंबातील नातेवाइकांशीही त्यांनी संपर्क साधला. या खटाटोपातून ‘झांसीर रानी’ हे पुस्तक १९५६मध्ये सिद्ध झाले. मराठी वाचकाला हा विषय पारसनिसांच्या चरित्रग्रंथातून आणि गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मधून ओळखीचा आहे. गोडसे भटजींचे महत्त्व ज्याला कळते, त्याला महाश्वेता देवींच्या पद्धतीचे मर्म वेगळे सांगायला नको. इंग्रजी दप्तरातील १८५७ आणि प्रत्यक्ष तेथे असलेल्या माणसाच्या स्मरणातील १८५७, या दोन निरनिराळ्या नोंदी आहेत.

म्हणून त्या कागदपत्रांना तुच्छ लेखत, असे मात्र नव्हे. बिरसा मुंडांवरील ‘अरण्येर अधिकार’ (१९७७) या कादंबरीचा मुख्य आधार कुमार सुरेश सिंह यांचे संशोधन हा होता आणि ते ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. सिंह हे भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी. बिरसांच्या चळवळीवरील त्यांचा ग्रंथ १९६६मध्ये आला. १९६७च्या दुष्काळात पलामू जिल्ह्याचा कारभार त्यांच्याकडे होता आणि त्या दुष्काळावरही त्यांनी पुढे स्वतंत्र ग्रंथ लिहिला. नंतर ‘पीपल ऑफ इंडिया’ या प्रकल्पात त्यांच्या नेतृत्वाखाली देशातील चार हजार सहाशेहून अधिक समाजांची पाहणी झाली. दप्तर चाळणारा, गावोगाव फिरून मौखिक परंपरा ऐकणारा अधिकारी आणि त्याचे काम वाचून बिरसांना कथेत आणणारी लेखिका, हा योग आपल्या प्रशासनाच्या इतिहासात दुर्मीळ आहे. या कादंबरीला १९७९चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

बहुतेक लेखकांचे संशोधन पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर संपते. महाश्वेता देवींच्या बाबतीत ते तेथून सुरू होई. पलामूच्या भटकंतीत त्यांना वेठबिगार भेटले. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६मध्ये झाला होता. कायदा झाला म्हणजे प्रथा गेली असे नव्हे, हे तेथे उघड दिसत होते. त्यांनी यावर कथा लिहिल्या, लेख लिहिले आणि वेठबिगारांची संघटना उभी राहण्यास हातभार लावला.

नोंद करण्याचा अधिकार दुसऱ्यांच्या हाती देणे, हे त्यांच्या कामातील सर्वांत मोलाचे पाऊल मला वाटते. त्यांचे वडील, कवी-कथाकार मनीष घटक, ‘बर्तिका’ नावाचे छोटे नियतकालिक चालवीत. १९७९मध्ये त्यांच्या निधनानंतर कन्येने ते हाती घेतले आणि त्याचे रूपच पालटून टाकले. कविता-कथांच्या जागी शेतमजूर, आदिवासी, कारखान्यातील कामगार लिहू लागले. आपले गाव, जमीन, मजुरी, कर्ज यांविषयी त्यांनी स्वतःच माहिती गोळा करून मांडावी, असा आग्रह होता. पाहणीचे हे साधन सरकारला नवे नाही. प्रश्नावली आपण नेहमीच वापरतो. फरक इतकाच की आपल्या पाहणीत उत्तर देणारा आणि लिहिणारा वेगळा असतो.

याच काळात, १९८१च्या सुमारास, कलकत्त्यात एका रिक्षावाल्याने आपल्या रिक्षात बसलेल्या प्राध्यापिकेला ‘जिजीविषा’ या शब्दाचा अर्थ विचारला. अर्थ सांगून तिने त्याची चौकशी केली. हा माणूस तुरुंगात अक्षरे शिकला होता आणि मिळेल ते वाचत होता. तू माझ्या मासिकासाठी लिही, असे ती म्हणाली. आपण वाचत असलेल्या पुस्तकाची लेखिकाच रिक्षात बसली आहे, हे त्याला तेव्हा कळले. मनोरंजन ब्यापारी आज बंगालीतील नामवंत दलित लेखक आहेत. २०२१मध्ये ते पश्चिम बंगाल विधानसभेवर निवडूनही आले.

पुस्तकांपलीकडचे त्यांचे आयुष्य म्हणजे बव्हंशी अर्ज आणि पत्रे. खेड्यांतून येणाऱ्या माणसांसाठी त्या सरकारी कार्यालयांना लिहीत राहिल्या. सेवेत असताना मान्यवरांची पत्रे मीही पुष्कळ वाचली. त्यांत भावना असे, तपशील क्वचितच. गावाचे नाव, मजुरीचा दर, कोणत्या योजनेतून काय यायचे होते आणि काय आले, एवढे ज्या पत्रात असते ते पत्र ‘योग्य कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारून खाली ढकलता येत नाही. महाश्वेता देवींच्या वृत्तपत्रीय लेखनात हा तपशील पानोपानी आहे.

त्याची खरी कसोटी पुरुलियात लागली. खेडिया शबर हा समाज इंग्रजी राजवटीने गुन्हेगार जमातींत गणला होता. १८७१चा तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी इतिहासजमा झाला, पण ठाण्याच्या नजरेतून त्याचा अंमल गेला नाही. चोरी झाली की शबर उचलायचा, हा परिपाठ चालूच राहिला. शबरांच्या कल्याण समितीचे काम महाश्वेता देवी १९८३पासून करीत होत्या. १० फेब्रुवारी १९९८ रोजी बुधन शबर या तरुणाला पोलिसांनी पकडले; १७ तारखेला कोठडीत त्याचा मृत्यू झाला. ही आत्महत्या असल्याचे सांगण्यात आले. समितीने कलकत्ता उच्च न्यायालयात दाद मागितली. न्या. रुमा पाल यांनी सीबीआय चौकशीचा आणि बुधनच्या पत्नीला भरपाई देण्याचा आदेश दिला. पाठीशी समिती नसती, जमवलेले कागद नसते, तर हा मृत्यू ठाण्याच्या नोंदवहीतील एक ओळ होऊन राहिला असता.

त्याच वर्षी गणेश देवी, ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड आणि महाश्वेता देवी यांनी विमुक्त व भटक्या जमातींच्या हक्कांसाठी कृतिगट स्थापन केला. अहमदाबादच्या छारानगरात तरुणांनी बुधनच्या नावानेच नाट्यसंस्था काढली. पुढे केंद्राने नेमलेल्या राष्ट्रीय आयोगांची धुरा आधी बाळकृष्ण रेणके आणि नंतर भिकू रामजी इदाते या महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांकडे आली. पहिल्या आयोगाचा अहवाल २००८चा, दुसऱ्याचा २०१७चा. २०१९मध्ये कल्याण मंडळ आले, २०२२मध्ये पाच वर्षांसाठी २०० कोटी रुपयांची योजना आली. तरीही कोणता समाज कोणत्या सूचीत, हा मूलभूत प्रश्न पुष्कळ ठिकाणी अनिर्णित आहे. सूचीत नाव नाही म्हणून दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून योजनाही नाही.

महाश्वेता देवींवर आक्षेप नव्हते असे नाही. त्यांच्या उत्तरकाळातील कथनात वार्ताहराने लेखिकेवर मात केली, असे काही समीक्षकांना वाटते. सिंगूर-नंदीग्रामच्या आंदोलनानंतर त्या एका राजकीय पक्षाच्या फार जवळ गेल्या, अशीही टीका झाली. दोन्हींत तथ्याचा अंश आहे. पण ज्ञानपीठ आणि मॅगसेसे यांसारखे सन्मान मिळाल्यानंतरही जी लेखिका पुरस्काराची रक्कम आदिवासींच्या कामाला देऊन पुन्हा पुरुलियाच्या वाटेला लागते, तिच्या निष्ठेविषयी शंका घेता येत नाही.

मे २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिस्ट्रीशीटच्या प्रश्नात लक्ष घातले. मागास, अनुसूचित जाती-जमातींच्या निरपराध माणसांची नावे यांत्रिकपणे त्यात चढवली जाऊ नयेत, असे राज्यांना बजावले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तुरुंग नियमावल्यांतील जातिभेदावर निकाल देताना विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजण्याच्या वृत्तीवरही न्यायालयाने बोट ठेवले. या आदेशांची अंमलबजावणी दिल्लीत होणार नाही. ती जिल्ह्यात, ठाण्याच्या कपाटापाशी व्हायची आहे. प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने आपल्या हद्दीतील विमुक्त समाजांची एक पाहणी त्या समाजातील शिकलेल्या मुलामुलींकडून, त्यांच्याच शब्दांत, करून घ्यावी आणि ती हिस्ट्रीशीटच्या फेरतपासणीसमयी पोलीस अधीक्षकांसमोर ठेवावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, खर्चही फारसा नाही. पुरेशा साधनांविना एका छोट्या मासिकाने हे करून दाखवले आहे.