पहिली बिडी पोराच्या हाती कोण देतं?



लागणीचं बेणं, खोडव्याचं खत, तोडीची पाळी, पहिली उचल यांवर या पानात आपण नेहमीच बोलतो. आज जरा घरातल्या कोंबाविषयी बोलू.

परवा हायस्कूल सुटायच्या वेळी आम्ही स्टँडजवळच्या टपरीपाशी उभे होतो. नववीतला एक पोरगा दप्तर पाठीला लावून आला. टपरीवाल्याने विचारले, "कुणाला रे?" "आबांना." बिडीचे बंडल मिळाले. वळणावर गेल्यावर पोराने त्यातली एक हळूच काढून खिशात टाकली. पोरगा ओळखीचा. आबा आपलेच जुने सभासद.

संध्याकाळी आम्ही त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि पाहिले ते सांगितले. आबा भडकले, "येऊ दे घरी, सालटंच काढतो त्याचं!" आम्ही म्हटले, "आबा, राग मानू नका, पण बंडल आणायला धाडलं कुणी?" आबा गप्प झाले. मग हळू आवाजात म्हणाले, "दुसरीत होता तवापासून त्योच आणतोय."

ही गोष्ट एकट्या आबांची नाही. २०१९ साली देशभरच्या शाळांत सरकारी पाहणी झाली. १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के, म्हणजे साधारण बारांत एक, कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होता. ज्यांनी बिडी ओढून पाहिली होती, त्यांतल्या ४७ टक्के मुलांनी ती वयाची दहा वर्षे पुरी होण्याआधीच ओढली होती. म्हणजे हायस्कूलात दिसणारी बिडी पुष्कळदा प्राथमिक शाळेतच लागलेली असते.

ती लागते कशी? घरात वडीलधारे ओढतात, आजी मशेरी लावते, पाहुण्यापुढे तंबाखूची पिशवी सरकवली जाते. पोराला वाटते, मोठे झाले की हे करायचेच असते. मग सोबती डिवचतात, "घाबरलास व्हय?" पडद्यावरचा हिरो धूर सोडतो, त्याचीही भूल पडते. आणि टपरी तर शाळेच्या वाटेवरच असते. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकायला मनाई आहे. २०२० साली राज्य शासनाने सुट्या बिडी-सिगारेटच्या विक्रीवरही बंदी घातली, कारण पोराच्या खिशात पुऱ्या पाकिटाचे पैसे नसतात, एकीचे असतात. पण "आबांना पाहिजे" म्हटले की कायदा टपरीवरच थांबतो.

खोडकिडीने पोंगा वाळला की तो कोंब हातचा गेला, हे आपल्याला सांगायला नको. तिथे आपण लागणीपासूनच सरीतून फिरतो. पोराकडेही तसेच वेळेवर पाहावे. बिडी-तंबाखू आणायला मुलांना धाडू नये. त्यांच्यासमोर ओढू नये. सापडला तर मारझोड न करता जवळ बसवून विचारावे. मार खाल्लेला पोरगा बिडी सोडत नाही, लपवायला शिकतो. शाळेजवळच्या टपरीचा विषय पुढच्या पालकसभेत आपणच काढावा. ज्यांना स्वतःला सोडायची आहे, त्यांना १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

आबांची बिडी अजून सुटलेली नाही. पण बंडल आणायला आता ते स्वतः चालत जातात. "गुडघं दुखत्यात," परवा म्हणाले, "म्हणून दोन दिसाला एकच आणतो."