बोटभर मासा आणि बादलीभर पाणी



ज्या व्यासपीठावरून आपण तत्त्वज्ञान, इतिहास, राज्यशास्त्र असे भारदस्त विषय ऐकता, तेथे एका बोटभर माशाविषयी बोलावयास आम्ही उभे राहिलो, याचे काहींना हसू येईल. येऊ द्यावे. परंतु आपल्यापैकी कित्येकांच्या घरी मुलांच्या हट्टापायी हा मासा आलेला असेल, आणि थोड्याच दिवसांत त्याला मूठमाती देण्याचा प्रसंगही आलेला असेल. आमच्या घरी तसे घडले. बाजारातून एक निळा-तांबडा ‘फायटर’ आणला. विक्रेता म्हणाला, “याला काही लागत नाही साहेब, लोणच्याची बरणी पुरे.” आम्ही दर रविवारी ती बरणी साबणाने घासून लख्ख करीत असू आणि नळाचे ताजे पाणी भरीत असू. पाचव्या रविवारी मासा तळाशी पडलेला दिसला. आम्ही निष्काळजी नव्हतो; आमची काळजीच त्याला मारक ठरली. ती कशी, हे समजून घेणे हाच आजचा विषय होय.

हा मासा मूळचा थायलंडचा, म्हणजे जुन्या सयामचा. तेथील भातखाचरे, दलदली आणि संथ ओहोळ ही त्याची घरे. तेथील लोक त्याला ‘प्ला कात’ म्हणजे चावरा मासा म्हणतात. १९१० साली टेट रीगन या ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञाने त्याला ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ हे शास्त्रीय नाव दिले, आणि २०१९ साली थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. रानातला बेट्टा तोकड्या परांचा व मळकट रंगाचा असतो. दुकानात दिसणाऱ्या लांब झालरी आणि झगझगीत रंग ही माणसाने पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीची करणी. त्याचा भांडखोरपणा मात्र खरा आहे. दोन नर एका टाकीत कधीही ठेवू नयेत.

आता बरणीचा भ्रम कोठून आला ते पाहू. बेट्टाला कल्ल्यांखेरीज आणखी एक श्वसनेंद्रिय असते. डोक्यात कल्ल्यांच्या वर घड्याघड्यांची एक रचना असते. तिला भूलभुलैयावरून ‘लॅबिरिंथ’ असे नाव पडले. पृष्ठभागावर येऊन तो तोंडाने हवेचा घोट घेतो आणि या घड्यांतून प्राणवायू रक्तात जातो. म्हणून प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तो तगतो. यावरून लोकांनी अनुमान काढले की, त्याला कोंदट बरणी चालते. परंतु तगणे वेगळे आणि जगणे वेगळे. शिवाय भातखाचर उथळ असले तरी लांबरुंद असते. बरणीसारखे वीतभर नसते.

खरा शत्रू प्राणवायूचा अभाव नसून अमोनिया हा आहे. माशाच्या शरीरातून तो सतत पाण्यात उतरतो, उरलेले अन्न कुजले की त्यात भर पडते. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी नितळ दिसत असतानाही मासा त्यात होरपळत असतो. निसर्गात यावर योजना आहे. काही सूक्ष्म जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जंतू नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे पुष्कळ सौम्य असून वनस्पती ते शोषून घेतात. हे उपकारक जंतू खडीवर, काचेवर आणि गाळणीच्या स्पंजात वस्ती करतात. ही वस्ती बसावयास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही दर रविवारी साबणाने जी ‘घाण’ धूत होतो, ती हीच वस्ती होती!

म्हणून टाकी बेताची मोठी असावी. ४० सेंटिमीटर लांब व २५ सेंटिमीटर रुंद पेटीत २० सेंटिमीटर पाणी भरले की बरोबर २० लिटर होते. एका माशाला ते पुरेसे आहे. पाणी जितके अधिक, तितके विष विरळ आणि चुकीला क्षमा अधिक. टाकी भरली की वीस किलोंहून जड होते, तेव्हा ती डळमळत्या तिवईवर ठेवू नये; थेट उन्हातही ठेवू नये. वर झाकण हवेच, कारण हा मासा उडी मारतो. परंतु पाणी व झाकण यांत हवेसाठी जागा सोडावी. गाळणी मंद प्रवाहाची, स्पंजाची असावी. लांब परांचा नर जोराच्या प्रवाहात थकून जातो. थोडी पाणवनस्पती लावली की त्याला आडोसा मिळतो. आपल्याकडे रस्त्याकडेला जो लाल पानांचा देशी बदाम असतो, त्याचे स्वच्छ वाळलेले एखादे पान टाकण्याची चाल आहे. पाणी चहासारखे पिवळसर होते, त्याने घाबरू नये.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशाला व जंतूंना घातक असते. पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवले की ते बरेचसे उडून जाते. घाई असेल तर दुकानात मिळणारे क्लोरीननाशक औषध वापरावे. हे पाणी तांब्याच्या हंड्यात मात्र साठवू नये. तांबे माशांना विष आहे. पाण्याची उष्णता २४ ते २८ अंश सेल्सियस असावी. मुंबईत फारशी अडचण पडत नाही. पुण्या-नाशिकच्या थंडीत लहान हीटर लागतोच.

अन्नाविषयी एवढेच की, हा प्राणी मांसाहारी आहे. पोळीचा चुरा, चुरमुरे, बिस्किटे ही आपली माया झाली, त्याचे अन्न नव्हे. त्याच्यासाठी मिळणारे दाणे दोन वेळा दोन-तीनच द्यावेत. डासांच्या अळ्या तर त्याचे पक्वान्न. आठवड्यातून एक एकादशी घडली तरी बिघडत नाही. उरलेले अन्न लगेच काढावे.

रविवारचे काम आता सोपे आहे. चौथा हिस्सा पाणी नळीने तळाशी धरून काढावे आणि तितकेच, तितक्याच उष्णतेचे तयार पाणी हलके घालावे. स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळावा, नळाखाली नव्हे. साबण कशालाही लावू नये.

आमचा दुसरा मासा असा तीन वर्षे नांदला. पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधून तो त्याखाली राखण करी, आणि आमच्या घरची मुले शाळेतून आली की आधी तिकडे धावत. हे करणे जमण्यासारखे नसेल तर मासा आणू नये, आणि आणलेला नकोसा झाला म्हणून नदीत वा तळ्यात सोडू नये. तो बोलत नाही, ओरडत नाही. त्याची तक्रार आपल्याला ज्ञानानेच ऐकावी लागते. जीव बोटभर असला तरी त्याची जबाबदारी बोटभर नसते, एवढे ध्यानात राहिले तरी आजचे आमचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.