धातूंचा संधि

दोन शब्द नुसते शेजारीं मांडल्यानें संधि होत नाहीं. वर्ण एकमेकांत मिसळावे लागतात. डाख देण्याच्या, म्हणजे मुलें ज्यास सोल्डरिंग म्हणतात त्या कामांतहि हेंच सत्य आहे, हें मला साठी उलटल्यावर नातवाच्या मेजाशीं उमगलें.

संगणकांतील १२ व्होल्टच्या पंख्याची गति आपोआप राखणारें साधन त्यानें घरींच जुळविलें. त्यांत थर्मिस्टर नांवाचा इवला घटक असतो; तो तापला कीं त्याचा रोध घटतो व पंखा वेगानें फिरतो. पण पंखा मधूनच थांबे. भिंगांतून पाहतां थर्मिस्टरच्या पायावर डाख नुसता गोळीसारखा बसलेला दिसला. तो मींच दिला होता.

मीं डाख तापविला, सांधा नव्हे! ६३ भाग कथील व ३७ भाग शिसें यांचा डाख १८३ अंश सेल्सियसला वितळतो. परंतु घटकाचा पाय व तांब्याची पट्टी तितकीं तापलीं नसतील, तर तो त्यांस धरीत नाहीं. कल्हईवालाहि आधीं भांडेंच तापवितो. त्याच्या नवसागराचें काम येथें डाखाच्या तारेंतील राळ करिते. पाय व पट्टी दोहोंस एकदम टोंक टेकवावें, क्षणभरानें डाख सांध्यास लावावा, आणि तो थिजेपर्यंत कांहीं हलवूं नये. शेवटीं हात धुवावे. शिसें विषारी आहे.

नातू रागावला नाहीं. "आजोबा, पुन्हां द्या," एवढेंच म्हणाला. चाळीस वर्षें मुलांच्या चुका तांबड्या शाईनें खुणावणाऱ्या मला तें पुरेसें होतें.