पावसाच्या जुन्या वह्या

व्यापारी घराण्यात जुन्या वह्या सहसा रद्दीत जात नाहीत. कोणत्या साली धान्याचा भाव कुठवर चढला, कोणत्या गावची उधारी बुडाली, हे पुढच्या पिढीला त्यांतूनच कळते. जितक्या मागच्या वह्या हाती असतात, तितका अंदाज पक्का ठरतो.

पावसाची वही मात्र फार तोकडी आहे. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली आणि देशाच्या सरासरी पावसाचे सलग आकडे सुमारे १८७१ पासून मिळतात. म्हणजे जेमतेम दीडशे वर्षांची नोंद. तीत १८७७, १८९९, १९१८ आणि १९७२ ही भीषण तुटीची वर्षे ठळकपणे दिसतात. यांपैकी १८९९ म्हणजे संवत १९५६. मारवाड आणि गुजरातेतून आलेल्या घरांत ‘छपनिया’ या नावाने त्या दुष्काळाची आठवण आजही निघते. मात्र या नोंदीत देशभर पसरलेली मोठ्या तुटीची वर्षे बहुधा सुटी, नाहीतर दोन-तीनच्या जोडीने येतात. कोठारातील साठा, धरणातील पाणी, शेतकऱ्याला दिलेले कर्ज, या साऱ्यांचा हिशेब कळत-नकळत याच अनुभवावर बेतलेला असतो. तो अनुभव पुरेसा आहे का, हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी माणसाने न लिहिलेल्या वह्या उघडल्या आहेत.

गुहेतील थेंब

छत्तीसगडमधील बस्तर भागात, कांगेर खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानात दंडक गुहा आहे. जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी चुनखडीतून झिरपत गुहेत थेंबाथेंबाने पडते आणि मागे चुन्याचा अतिसूक्ष्म थर ठेवते. शतकानुशतके असे थर साचून जमिनीतून वर वाढणारा खांब तयार होतो.

या थरांत पावसाची खूण दडलेली असते. ऑक्सिजनचे अणू दोन मुख्य वजनांचे असतात, हलके आणि जड. पाऊस जोरदार असला की त्या पाण्यात जड अणूंचे प्रमाण कमी राहते. पाऊस क्षीण असला की ते वाढते. हेच प्रमाण थरात कायम राहते. थराचे वय युरेनियमवरून ठरते. युरेनियम पाण्यात विरघळते, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे नव्या थरात युरेनियम असते, पण थोरियम नसल्यातच जमा. पुढे युरेनियमपासून थोरियम ठरलेल्या गतीने तयार होत जाते आणि त्या दोहोंच्या प्रमाणावरून काळ मोजता येतो.

दंडक गुहेतील अशा खांबावरून इसवी सन ६०० ते १५०० या नऊशे वर्षांच्या पावसाचा आलेख मांडण्यात आला. त्यात चौदाव्या शतकापासून पंधराव्याच्या मध्यापर्यंत दशकानुदशके क्षीण पावसाचे कालखंड दिसले. दख्खनच्या इतिहासात याच काळात, १३९६ पासून, दुर्गादेवीचा दुष्काळ सांगितला जातो. तो बारा वर्षे चालला आणि त्यात गावेच्या गावे ओस पडली, अशी परंपरा आहे. बारा वर्षे हा आकडा अनेकांना अतिशयोक्तीचा वाटे. गुहेतील थरांमुळे त्या स्मृतीकडे गंभीरपणे पाहणे भाग पडले.

सागाची वलये

साग हे मोसमी पावसावर वाढणारे झाड. बहुधा दर वर्षी त्याच्या खोडात एक वलय उमटते. ओल भरपूर असेल तर रुंद, कमी असेल तर अरुंद. एकाच झाडावर विसंबता येत नाही, कारण कीड किंवा दाटीमुळेही वाढ खुंटते. म्हणून अनेक झाडांची वलये एकमेकांशी ताडून पाहतात. जुन्या झाडांच्या साखळीने काळ मागे नेता येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधकांनी केरळमधील सागावरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका तयार केली. पॅसिफिक महासागर तापतो त्या, म्हणजे अल निनोच्या, अनेक वर्षी तीत अरुंद वलये आढळली.

आशियातील तीनशेहून अधिक ठिकाणच्या वृक्षवलयांवरून २०१० साली मोसमी प्रदेशाच्या दुष्काळांचा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यात १७५६ ते १७६८ असा लांबलेला दुष्काळही उमटला आहे. म्हणजे दीर्घ दुष्काळ ही एका शतकाची किंवा एका गुहेची गोष्ट नाही.

लोणारचा गाळ

महाराष्ट्रातील वही बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या तळाशी आहे. उल्कापाताने बनलेल्या या सरोवरात पाणी येते, पण बाहेर वाहून जाण्यास वाट नाही. पाऊस घटला की पाणी आटते, क्षार दाट होतात आणि गाळात ‘गेलुसाइट’ या खनिजाचे स्फटिक बनतात. सरोवराच्या तळातून काढलेल्या सुमारे दहा मीटर लांबीच्या गाळाच्या स्तंभात गेल्या अकरा हजार वर्षांची कहाणी आहे. सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी आणि पुन्हा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वी हा प्रदेश दीर्घकाळ कोरडा झाला होता, असे त्यावरून दिसते.

मेळ आणि मर्यादा

या साक्षी एकसारख्या नाहीत. लोणारचा गाळ शतकांची भाषा बोलतो, वलय एका वर्षाची. आणि केरळच्या सागाची मालिका १४८१ ला सुरू होत असल्याने दुर्गादेवीच्या काळाबद्दल ती मूक आहे. यांपैकी एकही पाऊस थेट मोजत नाही. म्हणूनच अलीकडच्या थरांचा व वलयांचा मेळ पर्जन्यमापकाच्या आकड्यांशी घालून पाहतात. तो बसला, तरच मागच्या नोंदीवर भरवसा ठेवतात.

पूर्वीही हवामान बदलत होते, मग आजच्या तापमानवाढीची चिंता कशाला, असा निष्कर्ष काही जण काढतात. तो चुकीचा आहे. जुने चढउतार समुद्रातील बदल, ज्वालामुखी आणि सूर्य अशा नैसर्गिक कारणांचे होते. आजची वाढ मुख्यतः कोळसा, तेल व वायू जाळल्याने होत आहे. नैसर्गिक चढउतार थांबलेले नाहीत. त्यांच्यावर ही नवी भर पडत आहे.

दीडशे वर्षांतील सर्वांत वाईट साल म्हणजे या भूमीतील सर्वांत वाईट साल नव्हे, हे या जुन्या वह्यांचे सांगणे आहे. एक-दोन वर्षांच्या तुटीला पुरेल असा साठा आणि असे जलाशय सलग दहा वर्षांच्या क्षीण पावसाला पुरतीलच असे नाही. विहिरींचे पुनर्भरण, कमी पाण्यावर येणारी ज्वारी-बाजरी, दूरच्या प्रांतांतून धान्य आणण्याची सोय आणि पतपुरवठ्यातील गंगाजळी यांचा विचार त्या मापाने व्हायला हवा. चांगल्या पावसाच्या वर्षी हा खर्च अनाठायी वाटतो. पण तो परवडतो, तोही त्याच वर्षी.