जितका रस्ता, तितका कर

नागपूरच्या उत्तरेस, पेंच नदीच्या खोऱ्यात वसलेल्या पारशिवनीहून ज्याला कळमन्याच्या बाजारात माल न्यावयाचा असतो, घरच्या आजारी माणसास मेडिकल रुग्णालयात दाखवावयाचे असते किंवा एखाद्या कचेरीत अडलेला कागद मोकळा करून घ्यावयाचा असतो, तो आमडी फाट्यापाशी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ ला लागतो आणि कन्हान व कामठी मागे टाकून शहरात शिरतो. या माणसाच्या वाहनाने सरकारी रस्त्यावर जितके अंतर कापले असेल तितक्याच अंतराचा कर त्याच्याकडून घ्यावा, ही कल्पना प्रथमदर्शनी इतकी न्याय्य दिसते की तिला कोणी विरोध का करावा, असा प्रश्न पडावा. आणि तरीही जेथे जेथे ती पुढे आली तेथे तेथे लोकांच्या मनात प्रथम शंका, मागाहून असंतोष आणि प्रसंगी उघड प्रतिकार उत्पन्न झाला, असा गेल्या वीस वर्षांतील अनुभव आहे. हा असंतोष केवळ पैसे वाचविण्याच्या हव्यासातून येतो असे मानणे सोयीचे असले तरी ते सत्याला धरून नाही.

आपल्या देशात या कल्पनेला नियमाचे रूप सप्टेंबर २०२४ मध्ये मिळाले. नागपूरचेच खासदार नितीन गडकरी ज्या खात्याचे मंत्री आहेत, त्या रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने राष्ट्रीय महामार्ग शुल्काच्या २००८ सालच्या नियमांत दुरुस्ती केली आणि वाहनात बसविलेल्या यंत्राचा उपग्रहांच्या साहाय्याने माग ठेवून प्रत्यक्ष कापलेल्या अंतराप्रमाणे शुल्क आकारण्याची मुभा दिली. राष्ट्रीय परवान्याची वाहने वगळता इतरांना दर दिवशी, प्रत्येक दिशेने, वीस किलोमीटरपर्यंतचा प्रवास त्यात माफ ठेवला होता आणि त्यापुढे गेल्यास प्रत्यक्ष अंतराचे शुल्क द्यावे असे म्हटले होते. ही तरतूद पारशिवनी तालुक्याच्या नकाशावर ठेवून पाहिली म्हणजे तिचे स्वरूप ध्यानात येते. कन्हानच्या रहिवाशाचा शहराकडचा बहुतेक रस्ता या माफीत बसतो, परंतु आमडी फाट्याहून नागपूर गाठू पाहणाऱ्यास ती मर्यादा ओलांडावीच लागते. म्हणजे रुग्णालय, महाविद्यालय आणि मोठा बाजार यांपासून जो अधिक दूर राहतो, त्याच्यावरच भार अधिक पडतो. बंगळूरु–म्हैसूर आणि पानिपत–हिसार या मार्गांवर प्रयोगही योजले गेले. पुढे १ मे २०२५ पासून देशभर उपग्रहाद्वारे वसुली सुरू होणार अशी आवई उठली, तेव्हा तसा कोणताही निर्णय झालेला नाही असा खुलासा मंत्रालयाला एप्रिलमध्ये करावा लागला. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून खासगी मोटारींसाठी ३,००० रुपयांत वर्षभराचा किंवा २०० फेऱ्यांचा पास निघाला. अंतराप्रमाणे कर घेण्याच्या तत्त्वापासून हे पाऊल उलट दिशेचे होते, आणि लोकांनी त्याचे स्वागत केले.

आता तत्त्वाचा विचार करू. अंतराप्रमाणे पैसे मोजणे आपल्या खेड्यापाड्यांतील माणसाला मुळीच नवे नाही. एसटीचे भाडे सहा किलोमीटरांच्या टप्प्यावर ठरते आणि त्या भाड्यात साडेसतरा टक्क्यांचा प्रवासी कर सामावलेला असतो. म्हणजे ज्याच्या दारी स्वतःचे वाहन नाही, असा पारशिवनीचा शेतमजूर गेली कित्येक दशके दर टप्प्याला राज्याच्या तिजोरीत भर घालीत आला आहे. उलट खासगी मोटारीचा मालक नोंदणीच्या वेळी वाहनाच्या किमतीवर एकरकमी कर भरतो. मग ती मोटार वर्षातून चार वेळा रामटेकला जावो की रोज शंभर किलोमीटर धावो, त्या कराच्या रकमेत पैशाचाही फरक पडत नाही. वापराशी ज्याचा संबंध राहतो असा मोटारमालकाचा एकच मोठा कर, तो म्हणजे इंधनावरील.

या इंधनकराचा इतिहास एका मराठी माणसाच्या नावाशी निगडित आहे, याचे स्मरण आज फारसे कोणास नसावे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीने असे प्रतिपादन केले की रस्त्यांचा भार केवळ स्थानिक मंडळांवर टाकणे अन्याय्य असून मोटारीसाठी जळणाऱ्या पेट्रोलवर जादा कर बसवून त्यातून रस्त्यांचा स्वतंत्र निधी उभारावा. त्याप्रमाणे गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसला आणि १ मार्च १९२९ रोजी मध्यवर्ती रस्ते निधी अस्तित्वात आला. जो जितका धावेल तितके इंधन जाळील आणि तितका कर देईल, हा त्या योजनेचा गाभा होता. आणि कर ज्या कामासाठी घेतला त्याच कामी तो लागावा, हे त्याच्या जोडीचे वचन होते. पुढे डिसेंबर १९४३ मध्ये देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरातच भरली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामरस्ते अशी जी वर्गवारी आपण आजही वापरतो, ती या परिषदेच्या योजनेतून रूढ झाली आणि शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रास सोळा किलोमीटर रस्ता हे तिचे उद्दिष्ट होते. जगाच्या रस्तेशास्त्रात ही योजना नागपूरच्या नावाने ओळखली जाते.

जयकरांनी घालून दिलेला हा मार्ग आज अपुरा पडू लागला आहे, कारण विजेवर चालणारे वाहन पेट्रोल जाळीत नाही. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणाने विद्युत मोटारींना समृद्धी महामार्ग, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू येथे पथकराची माफी दिली. हवा स्वच्छ राहावी म्हणून ती योग्यच आहे, परंतु रस्ता या मोटारीच्या चाकांखालीही झिजतो आणि त्याची डागडुजी कोणाच्या तरी पैशांतून करावी लागते. म्हणूनच न्यूझीलंडने, जेथे डिझेलच्या वाहनांवर १९७८ पासून अंतराचा कर आहे, १ एप्रिल २०२४ पासून विद्युत वाहनांनाही तो लागू केला. ब्रिटनने नोव्हेंबर २०२५ मध्ये घोषणा केली की एप्रिल २०२८ पासून विद्युत मोटारींकडून मैलामागे तीन पेन्स घेतले जातील. याच ब्रिटनमध्ये २००७ साली मैलागणिक कराच्या सरकारी विचाराविरुद्ध पंतप्रधानांकडे केलेल्या अर्जावर अठरा लाखांच्या आसपास लोकांनी सह्या केल्या होत्या आणि तो विचार गुंडाळावा लागला होता. स्टॉकहोमची कथा मात्र निराळी आहे. तेथे शहरात शिरण्याच्या शुल्काला आरंभी मोठा विरोध होता. परंतु २००६ च्या जानेवारी ते जुलै असे सात महिने ते प्रयोग म्हणून लागू केले, रहदारी सुमारे पाचव्या हिश्श्याने घटलेली लोकांनी डोळ्यांनी पाहिली, मग प्रयोग थांबवून सप्टेंबरात मत घेतले, आणि नागरिकांनी बहुमताने शुल्क स्वीकारले. आधी दाखवावे, मग विचारावे आणि नंतरच घ्यावे, हा क्रम तेथे पाळला गेला.

आपल्याकडे तो क्रम उलटा राहिला, याचे सर्वांत ठळक उदाहरण कोल्हापूरचे. शहरातीलच सुमारे पन्नास किलोमीटरांचे रस्ते एका खासगी कंपनीने बांधावयाचे आणि त्या बदल्यात तीस वर्षे वाहनांकडून पथकर घ्यावयाचा, असा तो करार. गावात येण्याजाण्याला दुसरी वाट नाही, कामे पुरी झालेली नाहीत, झाली ती करारानुसार झाली की नाही हे कोणी सांगत नाही, अशा अवस्थेत २०१३ मध्ये नाके सुरू झाले आणि सर्व पक्षांचे लोक त्यांच्याविरुद्ध एकत्र आले. ऐंशी ओलांडलेले प्राध्यापक एन. डी. पाटील आणि कॉम्रेड गोविंद पानसरे यांनी त्या चळवळीचे नेतृत्व केले. जानेवारी २०१४ मध्ये लोकक्षोभात नाके पेटले. शेवटी कामाचे फेरमूल्यांकन झाले, कंपनीला द्यावयाचा मोबदला राज्याने स्वीकारला आणि डिसेंबर २०१५ मध्ये पथकर उठला. तो दिवस पाहण्यास पानसरे राहिले नव्हते, त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांची हत्या झाली होती. या चळवळीची मागणी नीट तपासली तर तीत रस्ता फुकट मिळावा असा आग्रह नव्हता. किती काम झाले, त्याला किती खर्च आला आणि त्यासाठी तीस वर्षे कशाला, हे तीन प्रश्न तीत होते, आणि ते कोणत्याही सावकाराला कोणत्याही ऋणकोने विचारावेत असे होते.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाची वसुली २००४ मध्ये पंधरा वर्षांच्या मक्त्याने दिली होती. तो मक्ता २०१९ मध्ये संपला, तेव्हा नाके उठतील अशी अनेकांची समजूत होती. नाके राहिले आणि वसुली नव्या मक्त्याने पुढे चालली. तसे करण्यामागे कारणे असतील, मार्गाच्या रुंदीकरणाचा खर्चही असेल, परंतु मुदत संपणे म्हणजे कर संपणे नव्हे, हा धडा लोकांनी त्यातून घेतला आणि तो ते विसरलेले नाहीत. लोकांचा रोष वाढला की सरकारने माफी द्यावी, ही दुसरी रीत पडली: १ जून २०१५ पासून राज्यातील बारा नाके बंद झाले व त्रेपन्न नाक्यांवर लहान वाहने आणि एसटी यांना सूट मिळाली, ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा पथकर उठला. माफी मिळाली याचा आनंद स्वाभाविक असला तरी मक्तेदाराची भरपाई राज्याच्या तिजोरीतून होते, आणि त्या तिजोरीत पारशिवनीच्या त्या शेतमजुराचाही पैसा असतो, जो मुंबईच्या नाक्यावरून आपल्या मोटारीने कधी गेलेला नाही. हिशेबाऐवजी माफी देण्याची ही पद्धत मला सर्वांत घातक वाटते, कारण तिने प्रश्नाचे उत्तर न देताच प्रश्न विचारणाऱ्याला गप्प केले जाते.

समृद्धी महामार्ग हा नागपूरकरांच्या अनुभवातील अंतराधारित कराचा खरा नमुना होय. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी सबंध ७०१ किलोमीटरांचा मार्ग पुरा झाला. जेथे चढलात आणि जेथे उतरलात त्यामधील अंतराचेच पैसे येथे कापले जातात; आरंभी मोटारीला किलोमीटरमागे १ रुपया ७३ पैसे असा दर होता. त्याविरुद्ध ज्या तक्रारी झाल्या त्या एकूण रकमेच्या, वाटेवरील सोयींच्या आणि अपघातांच्या होत्या. अंतराने मोजणे अन्यायाचे आहे, अशी हाकाटी येथे उठली नाही. जुना रस्ता शिल्लक आहे, दर आधी ठाऊक आहे आणि जावे की न जावे हे आपल्या हाती आहे, या तीन गोष्टींमुळे तसे घडले, असे मी समजतो.

पारशिवनीच्या रस्त्यावर बोलणे निघाले की जो पहिला प्रश्न येतो तो वऱ्हाडी ठसक्यात असा असतो : “पेट्रोलात कापता, गाडी घेतानी कापता, अन् पुन्हा रोडावर कायले?” या प्रश्नात अज्ञान नाही. नवा कर जुन्याच्या जागी येणार की त्याच्या डोक्यावर, हे अद्याप कोणत्याही अधिकृत दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले नाही, आणि ते लिहिल्यावाचून कोणाचीही संमती मागू नये.

दुसरी गोष्ट वजनाची. कन्हान परिसरातील खाणींचा कोळसा आणि नदीपात्रातील रेती घेऊन जड ट्रक या तालुक्यातून धावतात. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या प्रसिद्ध चाचण्यांतून असे दिसून आले की आसावरील भार वाढला की रस्त्याची हानी साधारणपणे त्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर झीज सोळापट होते. तेव्हा ज्या जिल्हा मार्गावर शाळेची मुले सायकलने जातात, तो खड्ड्यांत गेला तर त्याचे कारण शेतकऱ्याची लहान मोटार असू शकत नाही. न्यूझीलंडमध्ये जड वाहनांचा दर वजन आणि आसांची रचना पाहून ठरतो; आपणही केवळ किलोमीटर मोजून थांबलो, तर लहान वाहनाच्या पैशातून मोठ्या वाहनाने केलेली मोडतोड बुजविण्याचा प्रकार होईल. शिवाय महामार्गावर गोळा झालेल्या रकमेचा वाटा त्याला येऊन मिळणाऱ्या गावरस्त्यांना मिळणार नसेल, तर ज्या वाटेवर माणसाचे हाल होतात ती तशीच राहील.

तिसरी शंका पाळतीची. प्रत्येक वाहन कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोठे होते याची नोंद एका ठिकाणी साठणार असेल, तर ती नोंद कर भरणाऱ्याच्या खासगी आयुष्याचीच नोंद होते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला आहे. कराची रक्कम ठरताच मार्गाचा तपशील पुसला जावा आणि न्यायालयाच्या हुकुमावाचून तो कोणासही पाहता येऊ नये, एवढे बंधन कायद्यातच असले पाहिजे. अधिकाऱ्याच्या शब्दावर ते सोडता येणार नाही.

या अटी पाळल्या गेल्या तर अंतराचा कर मी न्याय्य मानीन, आणि एकरकमी करापेक्षा चांगलाही मानीन. त्या पाळल्या जाईपर्यंत त्याला विरोध करणारा नागरिक मला समंजस वाटतो. सरकारने वाहनात यंत्र बसविण्यापूर्वी प्रत्येक नाक्यावर आणि प्रत्येक तहसील कचेरीत मराठीतून एक फलक लावावा : रस्त्याचा मूळ खर्च, आजवरची वसुली, डागडुजीवर झालेला खर्च, उरलेले येणे आणि मक्त्याची अखेरची तारीख. फलक लागेपर्यंत वाचकांनी स्वस्थ बसू नये. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, तेव्हा आपण ज्या रस्त्याने रोज जातो त्याचा करारनामा एकदा तरी मागून घ्यावा आणि ग्रामसभेत तो सर्वांसमोर वाचावा.