डिझेलची गळती आणि तिचा शोध

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून पिकअप गाडीच्या इंधनगळतीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्या बीड जिल्ह्याचा व्यवहार या गाड्यांवर किती अवलंबून आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ते नवल उरत नाही. बालाघाटाच्या डोंगरातले सीताफळ पुण्याच्या बाजारास जाते, आष्टी-पाटोद्याकडचे दूध संकलन केंद्रावर जाते, गेवराई-माजलगावचा कापूस जिनिंगवर जातो, तो पुष्कळदा पिकअपमधूनच. पिकू लागलेले सीताफळ कोणासाठी थांबत नाही. असा माल भरलेली गाडी मांजरसुंब्याच्या घाटात बंद पडली, तर नुकसान एकट्या गाडीवाल्याचे होत नाही. ज्याच्या झाडाचे फळ, त्याचेही होते.

प्रथम थेंबाचा हिशेब करू. दर सेकंदाला एक थेंब पडतो आणि चाळीस थेंबांचा 1 मिलिलिटर होतो, असे धरू. मग तासाला 90 मिलिलिटर, दहा तासांच्या कामात 900 मिलिलिटर आणि महिन्याला 27 लिटर डिझेल रस्त्यावर जाते. लिटरला 90 रुपये धरले, तरी 2,430 रुपये झाले. तथापि पैशाचा हा तोटा लहानच समजावयाचा. गाडी वाटेत बंद पडणे हा त्याहून मोठा, आणि जिवाला होणारा अपाय सर्वांत मोठा.

गळती शोधावयाची तर डिझेलची वाट ठाऊक हवी. टाकीतून ते नळीवाटे फीड पंपाकडे ओढले जाते. वाटेत फिल्टरमध्ये कचरा आणि पाणी निराळे होते. पुढे मोठ्या दाबाचा पंप ते इंजेक्टरांकडे रेटतो आणि उरलेले डिझेल परतीच्या नळीने टाकीत येते. काही गाड्यांत फीड पंप टाकीतच असतो, इतकाच फरक. रुडॉल्फ डिझेल यांनी 1897 साली आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. पण त्यात इंधन दाबाच्या हवेने फुंकावे लागे व त्यासाठी अवजड यंत्रसामग्री लागे. 1927 साली बॉश कंपनीने इंधन रेटणारा पंप मोठ्या प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला आणि डिझेल गाड्यांचा प्रसार झाला. जुन्या गाड्यांत इंजेक्टर उघडण्यास हवेच्या दाबाच्या दीडदोनशे पट दाब लागे. आजच्या 'कॉमन रेल' गाड्यांत तो दीड हजार पटींच्याही वर जातो. म्हणूनच जुन्या गाडीवर शिकलेली प्रत्येक युक्ती नव्या गाडीवर चालत नाही.

या वाटेचे तीन भाग पडतात: ओढीची बाजू, कमी दाबाची बाजू आणि मोठ्या दाबाची बाजू. प्रत्येकीची गळती निराळी असते.

ओढीच्या बाजूची गळती सर्वांत फसवी. तेथे नळीला चीर गेली, तर गाडी चालू असताना डिझेल बाहेर पडत नाही. उलट हवा आत शिरते. जमीन कोरडी, आणि गाडी मात्र सकाळी लवकर चालू होत नाही, चढावर दम टाकते, मधेच बंद पडते. आपल्याकडे यालाच 'गाडीने हवा घेतली' असे म्हणतात. रात्रभरात नळीतले डिझेल हळूहळू टाकीत उतरलेले असते, म्हणून सकाळी हा त्रास अधिक. अनुभवी मिस्त्री येथे फिल्टरच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा जोडतो. त्यातून बुडबुडे जाताना दिसले, की रोग कळला. पुढे जागा शोधावयाची, तर टाकीकडून येणारी नळी फीड पंपापाशी सोडवावी आणि तिच्या जागी दुसरी चांगली नळी जोडून ती स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये घालावी. गाडी सुरळीत चालली, तर दोष टाकी आणि पंप यांच्यामध्ये आहे. न चालली, तर पुढे आहे. अर्धी वाट अशी एका फटक्यात निकालात निघते.

कमी दाबाच्या बाजूस डिझेल बाहेर येते, पण ते खाली ओघळते आणि वाऱ्याने मागे पसरते. जेथे थेंब पडतो, तेथेच गळती असते असे नाही. यासाठी गाडी थंड असताना तो भाग साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करावा, सांध्यांवर खडूची पूड भुरभुरावी आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवावे. ओल उमटेल त्यांतील सर्वांत वरची जागा ही मूळ जागा. आपल्या धुळीच्या रस्त्यांवर तर पुडीचेही काम पडत नाही; जेथे धूळ चिखलासारखी चिकटून बसली आहे, तेथे संशय घ्यावा. बहुतेक वेळा दोष किरकोळ निघतो. तडकलेली रबरी नळी असेल, तर इंधनासाठीच बनविलेली नवी नळी घालावी. बोल्टाखालचे तांब्याचे वॉशर एकदा दबले, की पुन्हा नीट बसत नाही, नवे घालावे. फिल्टर बदलताना जुनी रबरी रिंग वरच चिकटून राहिली, तर दोन रिंगा एकावर एक येतात आणि गळती ठरलेलीच. पाना जोर लावून आवळणे हा उपाय नव्हे. त्याने आटे जातात.

मोठ्या दाबाच्या बाजूस मात्र हात आवरावा. तेथली धार केसापेक्षा बारीक असते, डोळ्यांना दिसत नाही, आणि बोटाची कातडी भेदून आत जाते. जखम टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही. पण आत डिझेल पसरून बोट किंवा हात गमावण्याची पाळी येऊ शकते. म्हणून चाचपण्याऐवजी लांबून पुठ्ठा फिरवावा. धार असेल तर त्यावर डाग उमटतो. इंजिन चालू असताना या नळ्यांचे नट कधीही सैल करू नयेत. बंद केल्यावरही दाब उतरेपर्यंत थांबावे. कोणाला अशी जखम झालीच, तर 'मलम लावू, उद्या पाहू' असे न करता तत्काळ बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे आणि डिझेलची धार लागली, हे आवर्जून सांगावे.

'डिझेल पेट घेत नाही' हा समजही टाकून द्यावयास हवा. आपल्या देशातील डिझेलच्या मानकात ज्या तपमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटते, त्याची किमान मर्यादा 35 अंश सेल्सियस आहे. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो. शिवाय बारीक तुषार तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडले, तर ठिणगीचीही गरज उरत नाही. गळकी टाकी रिकामी दिसली, तरी आत वाफ असते. ती तशीच वेल्डिंगला देणे म्हणजे स्फोटाला बोलावणे होय. फटीवर साबण घासणे ही जवळच्या गॅरेजपर्यंत पोहोचण्याची सोय आहे, दुरुस्ती नव्हे.

एक गळती बाहेर कोठेच दिसत नाही. डिझेल इंजिनच्या ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी चढते, ते पातळ होते, त्यास डिझेलचा वास येतो. अशा स्थितीत गाडी चालवू नये, कारण इंजिनचे बेअरिंग जाण्यास वेळ लागत नाही.

या सर्वांस खर्च फार नाही. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा टाकावा आणि सकाळी पाहावा. पाण्याचा डाग वाळून जातो, डिझेलचा राहतो. आठवड्यातून एकदा ऑइलची पट्टी ओढून पाहावी आणि नळ्यांवरून नजर फिरवावी. वॉशरला थोडे पैसे लागतात. ते वेळेवर खर्चिले, तर भरली गाडी घाटात उभी राहण्याचा प्रसंग सहसा येणार नाही.